जुनी ढाळज, सागवानी जिना आणि माडीचा बोळ : रंग कुठे, वॉलपेपर कुठे?

माडीवरचा_बोळ

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईतलं जुनं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे. ढाळज (दारातून आत आल्यावरची बैठकीची जागा), जिना आणि माडीवरचा बोळ एवढंच यंदा हाती घ्यायचं आहे. मापं देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाजाने बोलावं लागणार नाही.

ढाळज १४ फूट लांब, ६ फूट रुंद, साडेदहा फूट उंच. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या, वर चुन्याचा गिलावा. खालच्या ३ फुटांना नंतर कधीतरी सिमेंटचा गिलावा करून ऑइल पेंट दिलेला आहे. जिना सागवानी, १६ चढ, प्रत्येक चढ ९ इंच, पाय ठेवायची फळीही ९ इंच, रुंदी ३ फूट. एका बाजूला माजघराची आतली भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. वरचा बोळ १२ बाय ५, उंची ९ फूट, भिंती विटांच्या. भिंतींवर सफेदीचे थरावर थर, त्यावर डिस्टेंपर.

रंग कोणता द्यावा, वॉलपेपर कुठे टिकेल आणि सामान किती लागेल? घरच्यांना वॉलपेपर ढाळजेत हवा आहे, कारण येणारा-जाणारा आधी तीच पाहतो.

चुनकळी

ढाळजेत वॉलपेपर नको. कारण नीट सांगतो, म्हणजे घरच्यांना पटवता येईल.

मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला जोत्यावर ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं. चुन्याचा गिलावा ते पाणी हवेत सोडून देतो, म्हणून जुन्या भिंती इतकी वर्षं उभ्या राहिल्या. सिमेंट आणि ऑइल पेंटने ती वाट बंद केली की पाणी थांबत नाही, आणखी वर चढतं. तुमच्या ढाळजेत पोपडे नेमके कुठे सुटलेत ते पाहा. बहुतेक सिमेंटच्या पट्ट्याच्या वर, चार-सहा बोटं सोडून, एका रेषेत सापडतील. तिथे बोट फिरवलं की पांढरी, मिठासारखी भुकटी हाताला लागते. तोच लोणा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि त्यांचे खडे फुगले की गिलावा आतून सुटतो. अशा भिंतीवर व्हिनाइलचा कागद लावला तर पाणी आणखी वर जाईल आणि कागदामागे काळी बुरशी धरेल.

खात्री करायची असेल तर दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा. जमिनीपासून १, ३ आणि ५ फुटांवर असे तीन तुकडे लावा आणि ४८ तासांनी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दमटपणा किंवा थेंब दिसले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतली. हीच चाचणी जिन्याच्या भिंतीवर आणि बोळातही घ्या.

उपाय: सिमेंटचा गिलावा पूर्ण काढायचा, ओल दिसते त्याच्याही वर फूटभर. दगडांच्या सांध्यातली भुसभुशीत माती अर्धा-पाऊण इंच खोल खरवडायची. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा आणि सुपलीत भरून घराबाहेर टाकायचा. पाण्याने धुतला की विरघळून परत भिंतीत शिरतो. भिंत किमान एक-दोन महिने उघडी ठेवा. लोणा पुन्हा फुलेल, पुन्हा झाडा. मग मुरवलेला चुना १ भाग, चाळलेली वाळू ३ भाग, असा गिलावा दोन थरांत करा. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. किमान सात दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना भराभर वाळला तर पीठ होतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो वाळायला वेळ लागत नाही.

वरून सफेदी. चुनकळी १ किलोला पाणी ५ लिटर. पत्र्याच्या पिंपात आधी पाणी, मग कळी थोडी थोडी टाकायची. ती उकळते, प्लास्टिकची बादली वितळेल. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे. २४ तास मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा आणि १० लिटर निवळीला (गाळलेल्या चुन्याच्या पाण्याला) ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. भिंत आधी पाण्याने ओली करा. निवळी दुधाइतकी पातळ हवी. ओली असताना ती जवळजवळ दिसतच नाही, पोचारा मारणाऱ्याला वाटतं की काही लागलंच नाही, आणि तो दाट करायला जातो. दाट झाली की वाळल्यावर पापुद्रे सुटतात. तीन हात पातळच मारा, वाळताना पांढरी होत जाते.

रंग हवा असेल तर पिवडी किंवा गेरू टाका. मातीचे रंग चुन्यात टिकतात. बाजारातले भडक लाल-गुलाबी स्टेनर चुन्यात उडून जातात.

टाइल_लावा

एवढा खटाटोप कशाला? खाली ३ फूट टाइल लावून टाका, वर वॉटरप्रूफ पुट्टी. रोज पुसता येतं.

चुनकळी

टाइलमागे तीच ओल आणि तेच क्षार. सिमेंटच्या पट्ट्यामुळे पोपडे ३ फुटांवर आले, टाइलमुळे ते ४-५ फुटांवर जातील. वॉटरप्रूफ पुट्टी भिंतीच्या आतून येणाऱ्या पाण्याला अडवत नाही, फक्त ते दिसायला उशीर होतो. आतली माती मात्र ओलीच राहते, आणि मातीतल्या बांधकामाला तेच सगळ्यात वाईट. बाहेरून पन्हाळीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडत असेल, किंवा भिंतीला लागून न्हाणी असेल, तर आधी ते वळवा. त्याशिवाय चुनाही टिकणार नाही.

चुना म्हणजे गरिबाचा रंग असं ज्यांना वाटतं त्यांनी बीबी का मकबरा जवळून पाहावा. खालचा पट्टा आणि घुमट सोडला तर संगमरवर थोडाच आहे. बाकीचं नक्षीकाम चुन्याच्या गिलाव्यातलं.

काळी_माती

भिंतींना भेगा आहेत का? माडीवरचा_बोळ यांनी लिहिलेलं नाही, पण मराठवाड्यातल्या जुन्या घरात नसतील असं होत नाही. रंगाआधी त्यांची जात ओळखावी लागते.

पहिली जात, गिलाव्याच्या केसासारख्या बारीक भेगा. त्यात काळजीचं काही नाही. दुसरी, काळ्या मातीच्या भेगा. पाया काळ्या मातीवर असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. घराचे कोपरे वर-खाली होतात आणि दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ही भेग मे महिन्यात उघडते, ऑगस्टमध्ये मिटते. कडक सिमेंटने किंवा पुट्टीने भरली तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारीच नवी भेग पडते. तिसरी जात म्हणजे आरपार गेलेली, माडीपासून जोत्यापर्यंत उतरलेली, किंवा दगडी भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या पाख्या (दोन बाजूंचे थर) एकमेकींपासून सुटून भिंत पोट काढते ती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अशाच फुटून कोसळल्या होत्या आणि वरचं माळवदाचं वजन खाली आलं होतं. पाख्या बांधणारे आडवे दगड नसणं हे त्याचं मोठं कारण. तुमच्याकडे ही तिसरी जात दिसली तर रंगारी नको, आधी इमारतीचा इंजिनिअर बोलवा.

दुसरी की तिसरी हे कळत नसेल तर भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी लावा, दोन इंच रुंद, पाव इंच जाड. तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे. निर्णय घेण्याआधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यावा.

हंगामी भेग भरायची तर पटाशीने इंग्रजी व्हीसारखी खाच करा, अर्धा इंच खोल. चुन्याच्या भिंतीत चुना-वाळूच भरा. वरच्या विटांच्या भिंतीत लवचिक ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरून वर फायबरची जाळी, भेगेच्या दोन्ही बाजूंना ३ इंच जाईल अशी. उघडझाप करणाऱ्या भेगेवर वॉलपेपर लावू नका. कागद नेमका त्याच रेषेत फाटतो किंवा सुरकुततो.

ब्रश_चार_इंची

आता रंगाचा हिशोब.

ढाळजेच्या दोन लांब भिंती २९४ चौ.फूट, दारं-कोनाडे वजा जाता २५४ धरा. जिन्याची भिंत खालच्या टोकाला २१ फूट उंच (१२ फूट मजला अधिक ९ फूट बोळ), वरच्या टोकाला ९, सरासरी १५. लांबी १५ फळ्या गुणिले ९ इंच म्हणजे सव्वाअकरा फूट. आले साधारण १७० चौ.फूट. बोळाच्या भिंती दारं वगळून १८०. एकूण ६०० च्या आसपास. ढाळजेला चुना करणार असाल तर इमल्शनसाठी उरले ३५०.

या ३५० साठी: लांबी म्हणजे व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात, १ किलोत १५ चौ.फूट धरून २४ किलो. २० किलोची गोणी आणि ५ किलोचं पाकीट पुरतं. प्रायमर एक हात, लिटरला १०० चौ.फूट, म्हणजे साडेतीन लिटर. इमल्शन दोन हात, लिटरला ६० ते ७० चौ.फूट, म्हणजे ५ ते ६ लिटर. डब्यावर जास्त लिहिलेलं असतं, पण ते गुळगुळीत नव्या भिंतीचं गणित. जुनी भिंत पिते.

खरी मेहनत खरवडण्यात आहे. सफेदीच्या जुन्या थरांवर इमल्शन मारलं की ते वाळताना आक्रसतं आणि खालची सैल सफेदी सोबत ओढून घेतं. रंगाचा दोष नसतो, खालचा थर सुटलेला असतो. तळहात भिंतीवर घासा, पांढरा झाला तर खरवडायचंच. खरवडून झाल्यावर रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर नुसती धूळ आली तर ठीक, पापुद्रा आला तर पुन्हा पत्रा हातात घ्या. भिंत पाण्याने भिजवून अर्धा तास थांबलं की थर पत्र्याखाली सहज निघतो आणि धूळही उडत नाही.

पुट्टी कालवायला आणि रंग पातळ करायला बोअरचं खारं पाणी वापरू नका. नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. नाहीतर क्षार तुम्हीच भिंतीत घालता. पुट्टीचा पहिला हात वाळल्यावर दुसरा, तोही वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. घासताना बल्ब भिंतीला चिकटवून आडवा धरा, खड्डे-उंचवटे सावलीत उठून दिसतात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर ते रंग झाल्यावर दिसतात, आणि जिन्याच्या उंच भिंतीवर दिवा वरून पडत असल्याने जास्तच दिसतात.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा. दिवाळीआधी सगळ्यांनाच घाई असते, पण परतीचा पाऊस पिऊन बसलेली भिंत तेव्हा वाळलेली नसते. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर रोलरचा एक पट्टा संपून दुसरा सुरू होईपर्यंत पहिला वाळतो आणि जोडाचे डाग राहतात. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी दहाच्या आत.

आणखी एक. पुट्टीच्या आधी वायरिंग. जिन्याला खालून-वरून दोन्हीकडून चालणारा टू-वे स्विच नसेल तर तो आत्ताच करून घ्या.

सागवान

जिन्यावरचा तपकिरी ऑइल पेंट जुना असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या इनॅमलमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या, तपकिरी छटांत, शिसं असू शकतं. सँडरने त्याची धूळ घरभर होते आणि लहान मुलांना ती सगळ्यात घातक. ब्लोलॅम्पही नको, धुरातून शिसं जातं. पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापा, फुगला की बोथट पत्र्याने ओढून काढा, खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा आणि ती गुंडाळून टाकून द्या. राहिलेलं पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरने घासा. खिडक्या उघड्या, तोंडावर चांगला मास्क, मुलं दुसऱ्या घरी.

रंग निघाल्यावर प्रत्येक फळी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर लाकूड शाबूत. पोकळ आला तर वाळवी आत आहे, आणि ती बहुतेक भिंतीकडच्या टोकाला असते, कारण ओल तिथून मिळते. तेवढा तुकडा कापून जुन्याच सागवानाचा नवा बसवा. नवं ओलं लाकूड घातलं तर ते उन्हाळ्यात आक्रसून फट पडते. करकरणाऱ्या फळीला वरून खिळे ठोकू नका. खालून, फळी आणि उभ्या पाटीच्या कोनात, सागाची पाचर फेव्हिकॉल लावून ठोका आणि दीड इंची स्क्रूने आवळा. बारीक फटी लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरा.

फळ्या १५, म्हणजे ३४ चौ.फूट. उभ्या पाट्या १६, म्हणजे ३६ चौ.फूट. फळ्यांना ऑइल पेंट नको. मधोमध झिजून वाट पडते आणि पाय ओला असला की घसरतो. मॅट पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात, दोन हातांच्या मध्ये ३२० चा पेपर हलका. लिटरभर पीयू पुरेल. पुढच्या कडेला इंचभर सोडून, दुसऱ्या हाताच्या ओल्या पीयूवर चाळलेली बारीक वाळू दोन इंच पट्ट्यात भुरभुरवा, मग तिसरा हात. ९ इंच चढ आणि ९ इंच फळी म्हणजे ४५ अंशांचा खडा जिना आहे. उतरताना पाऊल फळीवर पूर्ण बसत नाही, त्यामुळे ही पट्टी हवीच. उभ्या पाट्यांना गुलाबी वूड प्रायमर एक हात आणि साटीन इनॅमल दोन हात. फिकट रंग द्या, फळीची कड अंधारात ओळखू येते.

एक आड एक पायरी रंगवा म्हणजे ये-जा सुरू राहते, असा सल्ला मिळेल. तुमच्या जिन्यावर तो मानू नका. पायरी सोडून चढायचं तर एका पावलात १८ इंच चढावं लागेल, घरात वयस्क माणसं असली तर अपघात ठरलेला. सगळ्या फळ्या संध्याकाळी वरून खाली एकदम करा आणि रात्रभर जिना बंद ठेवा.

अळशी

सागवान यांच्या पोस्टला जोड. कठड्याचा कोरीव खांब आणि वरची तक्तपोशी (लाकडी छत) रंगवू नका, नक्षी बुजते. जवसाचं उकळलेलं तेल (दुकानात तयार मिळणारं बॉइल्ड लिनसीड ऑइल) आणि टर्पेंटाइन समसमान, फडक्याने पातळ लावा, अर्ध्या तासाने राहिलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

ती तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडून ढीग आपोआप पेट घेतो. फडकी अंगणात एकेक पसरून कडक वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

ओळंबा

वॉलपेपरचं मी सांगतो. ढाळज बाद, हे बरोबर. जिन्याची भिंत आतली आहे. प्लास्टिकची चाचणी खालपासून वरपर्यंत कोरडी निघाली तर तिथे आणि बोळात कागद शोभेल. फक्त जिन्याच्या भिंतीला खालपर्यंत नको. चढताना हात भिंतीला लागतो, सामान घासतं. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेपासून उभा ३ फूट मोजून खूण करा, खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये गेरू लावलेला दोरा ताणून सूत मारा. त्या तिरप्या रेषेखाली साटीन इनॅमल, वर कागद, जोडावर दीड इंची सागवानी पट्टी.

यात एक रोलही वाचतो, ते कसं पाहा. आपल्याकडे मिळणारा नेहमीचा रोल २१ इंच रुंद आणि १० मीटर, म्हणजे ३२.८ फूट लांब. त्याचे ५७ चौ.फूट होतात. दुकानदार १७० भागिले ५७ करून ३ रोल देतो, आणि पूर्ण भिंतीला चौथा कमी पडतो. कारण जिन्यावर पट्टी तिरपी कापली जाते. ४५ अंशांच्या जिन्यावर २१ इंच रुंदीत एक कड दुसरीपेक्षा बरोबर २१ इंचांनी लांब असते, आणि मापायची ती लांब कड. सव्वाअकरा फुटांत सात पट्ट्या. कापायला सहा इंच जादा धरून त्या अशा: साडेएकवीस, पावणेवीस, अठरा, सव्वासोळा, साडेचौदा, पावणेतेरा, अकरा फूट. जोड्या लावल्या तरी चार रोल.

खालचे ३ फूट रंगाला सोडले की पट्ट्या होतात १८.५, १६.७५, १५, १३.२५, ११.५, ९.७५ आणि ८. पहिल्या रोलमध्ये १८.५ व १३.२५, दुसऱ्यात १६.७५ व १५, तिसऱ्यात उरलेल्या तिन्ही. तीन रोलांत भिंत पूर्ण. नक्षी २१ इंचांनी परत येणारी आणि सरळ जुळणारी असेल तरीही तीनच पुरतात, फक्त प्रत्येक पट्टी नक्षीच्या त्याच जागेपासून सुरू करायची. नक्षी अर्ध्यावर जुळणारी असेल तर जोड्या मोडतात. ती घेऊ नका. उभे पट्टेही नकोत, जुनी भिंत ओळंब्यात नसते आणि पट्टे ते लगेच उघडं पाडतात.

बोळाची एक भिंत, १२ बाय ९: सात पट्ट्या, प्रत्येकी ९ फूट ४ इंच, नक्षी जुळवून एका रोलमध्ये तीन. तीन रोल. एकूण सहा आणि एक राखीव, सगळे एकाच बॅच नंबरचे. नंबर रोलच्या कागदावर छापलेला असतो. वेगळ्या बॅचची छटा हातात कळत नाही, भिंतीवर शेजारी लावली की कळते.

माडीवरचा_बोळ

खूपच उपयोगी. ढाळजेला चुना करायचं घरी मान्य झालं. भेगा पाहिल्या, ढाळजेच्या दारावर एक तिरपी आहे, पट्टी लावून ठेवतो. आता अडचण लावण्याची. साडेअठरा फुटांची गोंद लावलेली पट्टी जिन्यावर धरणार कशी? आणि शिडी फळ्यांवर टेकवायची कशी?

ओळंबा

कागद नॉन-वोव्हन घ्या. त्याला गोंद कागदावर नाही, भिंतीवर लावतात. कागद कोरडाच राहतो, ताणत नाही, एकट्याला आवरतो. साध्या कागदाला पाठीमागून गोंद लावून पाच-दहा मिनिटं घडी करून भिजू द्यावं लागतं, आणि तेवढी लांब ओली पट्टी स्वतःच्या वजनाने ताणली जाते. मग वर नक्षी जुळते, खाली जुळत नाही.

शिडी जिन्यावर टेकवू नका. पाइपची परांची भाड्याने मिळते, जिचे पाय खालीवर करता येतात अशी मागा. दोन पाय खालच्या पायऱ्यांवर, दोन वरच्या, प्रत्येक पायाखाली गोणपाट आणि फळीचा तुकडा. वर दीड इंच जाड, ९ इंच रुंद दोन फळ्या शेजारी शेजारी, दोन्ही टोकांना दोरीने बांधलेल्या. दोघं लागतात. एक वर, एक खाली कड धरायला.

सुरुवात सगळ्यात लांब पट्टीपासून, म्हणजे जिन्याच्या खालच्या टोकाकडून. छतापासून ओळंबा सोडा आणि पेन्सिलने उभी रेषा काढा. भिंतीच्या कोपऱ्याला कागद टेकवून सुरुवात केली तर कोपऱ्याचा वाकडेपणा सातही पट्ट्यांत उतरतो. पट्टी वरून बसवत या, मऊ ब्रशने मधून कडांकडे हवा काढा. खालची तिरपी कड पत्र्याने दाबून नव्या ब्लेडने कापा. दर दोन कापांना ब्लेड बदला. बोथट ब्लेड ओला कागद कापत नाही, फाडतं. जोड रबरी रोलरने हलका दाबा. जोर दिला तर गोंद बाहेर येतो आणि वाळल्यावर चमकतो, तो लगेच ओल्या स्पंजने टिपा.

ब्रश_चार_इंची

कागदाखालच्या भिंतीलाही पुट्टी आणि प्रायमर हवाच. प्रायमर नसेल तर पुट्टी गोंदातलं पाणी शोषून घेते, कागद सरकवून जुळवायला वेळच मिळत नाही, आणि पुढे कागद काढताना पुट्टीही सोबत येते. फिकट कागद असेल तर प्रायमर सगळीकडे एकसारखा पांढरा करा, खालचा डाग आरपार दिसतो.

क्रम: आधी छत, मग भिंतींचा रंग, मग कठडा आणि उभ्या पाट्या, मग परांची बांधून वॉलपेपर, त्यानंतर सागवानी पट्टी, आणि परांची निघाल्यावर सगळ्यात शेवटी फळ्यांचा पीयू.

नक्षीकाम

ढाळजेत नक्षी हवी असा घरच्यांचा हट्ट असेल तर चुन्यावर स्टेन्सिल करा. गेरू किंवा पिवडी गाळलेल्या निवळीत कालवून घ्या. जाड प्लास्टिक शीटवर पैठणीच्या काठातली आसावलीची वेल कापा, ८ ते १० इंच रुंद. कोरड्या सफेदीवर, छोट्या स्पंजाने टिपत. ब्रश ओढला तर रंग शीटखाली शिरतो. स्पंज आधी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा. जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर एक ओळ पुरे, भिंत श्वास घेत राहते आणि दोन वर्षांनी पोचारा मारताना तीच शीट पुन्हा वापरता येते. शीट धुऊन सपाट ठेवा, गुंडाळली तर कडा वर येतात.

माडीवरचा_बोळ

हे घरी दाखवतो. एक राहिलं, बोळातल्या बटनांच्या पाटीभोवती कागद कसा कापायचा?

ओळंबा

मेन स्विच बंद करा, नुसतं बटन नाही. पाटीचे स्क्रू दोन-दोन आटे सैल करून ती भिंतीपासून थोडी पुढे घ्या. कागद तिच्यावरून सरळ खाली सोडा, मधोमध भोक पाडून चार कोपऱ्यांकडे फुलीसारखे काप द्या, पाव इंच कागद पाटीमागे जाईल इतका ठेवून बाकीचा कापा, पाटी पुन्हा आवळा. गोंद वाळेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, मेन बंदच. तोवर पंखा आणि खिडक्याही बंद ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या वाऱ्याने कडा आधी वाळतात, मधला भाग नंतर, आणि जोड उघडतात.